समाचारास जातांना

मृत्यु झालेल्या घरीं जाऊन येण्याला मराठींत 'समाचारास जाणें' म्हणतात. शब्द विचारपूर्वक योजिलेला आहे. समाचार घ्यावयाचा म्हणजे त्या घरचें कसें काय चाललें आहे, कोणाला काय हवें-नको, तें पाहावयाचें. संस्कृतांतून आलेला 'सांत्वन' हा शब्द शिकलेल्या घरांत अधिक रूढ आहे. परंतु त्यांत जाणाऱ्यानें कांहीं तरी बोलून दुःख शांत करावयाचें असा अर्थ येतो, आणि सगळी अडचण तेथूनच सुरू होते. पाहावयास गेलेला मनुष्य पाहतो, चार कामें उरकतो आणि परत येतो. शांत करावयास गेलेल्याला मात्र काय बोलावें तें सुचत नाहीं. सुचत नाहीं म्हणून तो बोलत राहतो. आणि जें बोलूं नये नेमकें तेंच बोलून बसतो.

लग्नाच्या घरीं कसें वागावें हें मुलांना दहा वेळां सांगितलें जातें. पंगतींत कसें बसावें, वडील माणसांच्या पायां कसें पडावें, अहेर कोणाच्या हातीं द्यावा, सर्व कांहीं. मृत्यूच्या घरीं कसें वागावें हें कोणीच शिकवीत नाहीं. लहान मुलांना अशा घरीं बहुधा नेतच नाहींत. मुलगा मोठा होतो, नोकरीस लागतो, आणि एके दिवशीं सहकाऱ्याचे वडील वारले म्हणून चौघांबरोबर त्याच्या घरीं जाऊन सतरंजीवर बसतो, तेव्हां हात कोठें ठेवावे हेंहि त्याला समजत नाहीं.

अमरावतीच्या राजापेठेंतील किंवा अकोल्याच्या जठारपेठेंतील असें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. खुर्च्या बाहेर काढल्या आहेत. कोपऱ्यांत दिवा तेवत आहे. भिंतीला टेकून वारलेल्या गृहस्थांचा मुलगा बसला आहे. आंतल्या खोलींत त्याची आई आहे. मंडळी येतात, बसतात, आणि कांहीं वेळानें त्यांतील वडीलधारे गृहस्थ घसा खाकरून विचारतात, 'काय झालें होतें?' मुलगा सांगूं लागतो. रात्रीं छातींत कळ आली, शेजाऱ्यांची मोटार काढली, दवाखान्यांत नेलें, पहांटे सर्व संपलें. हीच हकीकत त्यानें सकाळपासून पंधरा वेळां सांगितलेली असते. ती सांगून होते न होते तोंच प्रश्न सुरू होतात. डॉक्टर कोण होते? रक्तदाब होता का? गोळ्या वेळेवर घेत होते का? आणि मग हटकून कोणी तरी तें वाक्य उच्चारतो, जें वऱ्हाडांतल्या कितीतरी शोकाकुल घरांना ऐकावें लागलें आहे: 'नागपूरला न्यावयास पाहिजे होतें.'

अमरावतीहून नागपूर दीडशें किलोमीटर, अकोल्याहून अडीचशें. हें अंतर त्या मुलानें रात्रभर मनांत किती वेळां मोजलें आहे याची बोलणाऱ्याला कल्पना नसते. नेलें असतें तर वाचले असते का, वाटेंतच गेले असते तर काय, पैशाकडे पाहून आपण मागें राहिलों कीं काय, या प्रश्नांचा किडा त्याला आधींच पोखरीत असतो. आतां त्यावर चार माणसांसमक्ष शिक्कामोर्तब होतें. बोलणारा दुष्ट नसतो. पुष्कळदां तो त्या कुटुंबाचा जिवलग स्नेही असतो. खरी गोष्ट अशी आहे कीं, त्याला भय वाटत असतें. दुसऱ्याच्या घरीं आलेल्या मृत्यूला कांहीं कारण, कांहीं चूक, कांहीं हयगय सांपडली तर आपल्या घरचा मृत्यु टाळतां येईल, असें त्याचें मन आंतल्या आंत हिशेब करीत असतें. त्या बैठकींतले निम्मे प्रश्न असे स्वतःच्या समाधानासाठीं विचारलेले असतात. उत्तर देण्याचा भार मात्र ज्याचा बाप गेला त्याच्यावर.

दुसरा प्रकार तत्त्वज्ञानाचा. आत्मा अमर आहे, देह वस्त्राप्रमाणें आहे, गेले ते सुटले, ईश्वरेच्छेपुढें कोणाचें चालतें! हीं सत्यें असतील. परंतु सत्यालाहि वेळ लागते. ऐंशीं वर्षांची आई गेली कीं, 'वय झालेलेंच होतें' असें सांगतात. साठीच्या मुलालाहि आई एकच असते हें त्या क्षणीं कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तान्हें मूल गेलेल्या मातेला 'अजून तुझें वय आहे' असें सांगणाऱ्या बायका तर अजूनहि भेटतात, आणि त्यांना आपण फार शहाणपणाचें बोललों असें वाटत असतें. ज्या व्यासांनीं जगाला गीता दिली त्यांनींच, युद्ध संपल्यावर स्त्रियांच्या विलापासाठीं महाभारतांत एक स्वतंत्र पर्व राखून ठेविलें आहे, हें गीतेचा दुसरा अध्याय मुखोद्गत असणारे विसरतात.

या ठिकाणीं वऱ्हाडांत एक उदाहरण हटकून पुढें केलें जातें, आणि तें गाडगे महाराजांचें होय. बाबा अमरावती जिल्ह्यांतल्या अंजनगांव सुर्जी तालुक्यांतील शेंडगांवचे. जन्म १८७६ चा. १९२३ सालीं कोंकणांत खारेपाटण येथें त्यांचें कीर्तन रंगांत आलें असतां, गोविंद या त्यांच्या मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांच्या हातीं आली. बाबांनीं कीर्तन थांबविलें नाहीं. जगांतून आजवर अगणित माणसें गेलीं, त्यांत एकाचाच शोक कसा करीत बसावें, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनीं कीर्तन पुढें चालू ठेविलें. प्रसंग खरोखरच रोमांचकारी आहे, आणि तो सांगतांना आजहि कीर्तनकाराचा कंठ दाटून येतो.

परंतु या प्रसंगाचा समाचाराच्या बैठकींत जो उपयोग केला जातो तो सर्वस्वीं गैर आहे. मुलाच्या आठवणीनें हुंदके देणाऱ्या बापाला कोणी सांगतो, 'गाडगे बाबांकडे पहा, त्यांनीं डोळ्यांतून टिपूस काढलें नाहीं.' बाबांचे ते उद्गार स्वतःच्या दुःखाला दिलेलें उत्तर होतें. स्वतःच्या जखमेवर निखारा ठेवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. दुसऱ्याच्या जखमेवर तो ठेवण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. दुसऱ्यांच्या दुःखाविषयीं बाबा काय म्हणत असत तें पाहावयाचें असेल तर त्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली दहा कलमांची यादी पाहावी. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र अशा क्रमानें ती यादी चालते, आणि तींत दुःखी व निराश झालेल्यांचेंहि एक कलम आहे. त्यांना उपदेश द्यावा असें तेथें सांगितलेलें नाहीं. हिंमत द्यावी असें सांगितलें आहे. अन्न, पाणी, वस्त्र आणि हिंमत या एका पंगतींतल्या वस्तु आहेत, म्हणजे ती हिंमतहि अन्नासारखी हातानें द्यावयाची आहे. बाबांचें स्वतःचें बालपण याची साक्ष देतें. त्यांचे वडील झिंगराजी ते लहान असतांनाच वारले. त्या वेळीं त्यांच्या आईला, सखूबाईला, कोण काय बोललें असेल तें हवेंत विरून गेलें. माहेरच्यांनीं तिला मुलासकट मूर्तिजापूर तालुक्यांतल्या दापुऱ्यास आपल्या घरीं नेलें, ही गोष्ट मात्र राहिली, आणि त्या घरांत वाढलेला डेबू पुढें गाडगे बाबा झाला.

खेड्यांतील लोकांना हें शिकवावें लागत नाहीं. ज्या घरीं मयत झालेली असते त्या घरीं त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. शेजारच्या घरांतून भाकरी आणि पिठलें येतें. त्याला 'कडू घास' म्हणतात. नांवांतच केवढें शहाणपण आहे! घास गोड लागणार नाहीं हें आणणारीला ठाऊक आहे, खाणारीला ठाऊक आहे, आणि तरीहि तो खाल्ला पाहिजे हेंहि दोघींना ठाऊक आहे. शेजारीण भाकरीचा तुकडा मोडून हातांत देते आणि एवढेंच म्हणते, 'दोन घास खाय वं माय.' जन्ममृत्यूचा विचार नाहीं, ईश्वरेच्छा नाहीं. लेंकरांना आपल्या घरीं नेऊन जेऊं घालणें, गाईची धार काढणें, रात्रीं सोबतीला निजणें, हें सर्व ती न विचारतां करते.

हीच रीत निरनिराळ्या धर्मांत आढळते, तेव्हां तिच्या मुळाशीं माणसाचा फार जुना अनुभव असला पाहिजे. अकोल्याच्या वा अचलपूरच्या मुसलमान वस्तींतहि मयतीच्या घरीं शेजारीपाजारी अन्न पाठवितात. मूता येथील लढाईत जाफर हे पडले तेव्हां, त्यांच्या घरच्यांसाठीं अन्न तयार करावें, त्यांच्यावर मोठा प्रसंग ओढवला आहे, अशा अर्थाचें पैगंबरांचें सांगणें हदीसांत आलें आहे. यहुदी लोकांत दफनानंतरचें पहिलें जेवण शेजाऱ्यांनीं आणावयाचें असतें. त्यांचा आणखी एक नियम फार मार्मिक आहे. सात दिवस शोकांत बसलेल्या माणसाकडे जो भेटीस जातो, त्यानें आपण होऊन बोलावयास सुरुवात करावयाची नाहीं. शोक करणारा बोलला तर त्यानें बोलावें. तो गप्प राहिला तर यानेंहि गप्प राहावें. राजापेठेंतल्या त्या बैठकींत हा एक नियम पाळला गेला तरी त्या मुलाची पंधरा वेळांची हकीकत टळेल.

बौद्ध वाङ्मयांतील किसा गोतमीची कथा तर वऱ्हाडांतल्या अनेक घरांत लहानपणींच कानांवर पडते. मेलेलें मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. ज्या घरीं कोणी मेलेलें नाहीं अशा घरून मोहरी आण, असें बुद्धानें तिला सांगितलें. मृत्यु कोणालाहि चुकत नाहीं, हा या कथेचा अर्थ सर्वजण सांगतात. पण तथागताला तेवढेंच सांगावयाचें असतें तर तें बसल्या जागीं एका वाक्यांत सांगतां आलें असतें. त्यानें तिला दारोदार पाठविलें. प्रत्येक उंबऱ्यावर तिला कोणी आपला बाप, कोणी आपली मुलगी, कोणी आपला नवरा गेल्याचें सांगितलें असेल, आणि सांगतांना तिच्याकडे पाहिलें असेल. तें गांव हेंच तिचें औषध झालें.

आतां ज्या रीति घराचा भार हलका करण्याऐवजीं वाढवितात त्यांचाहि विचार केला पाहिजे. पहिली तेरवी. तिसऱ्या दिवशीं राख सावडतात, दहाव्याला पिंड होतो, तेराव्या दिवशीं तेरवीचें जेवण. त्याचा मूळ हेतु चांगला आहे: सुतक संपलें, घर पुन्हां चालू झालें, चार माणसांनीं येऊन त्या घरीं जेवावें म्हणजे घरच्यांना पुन्हां माणसांत बसण्याची लाज वाटूं नये. परंतु चारांचे चारशें झाले कीं हेतु बुडतो आणि हिशेब उरतो. मंडप, बुंदी, आचारी, पत्रिका! ज्यांनीं तेरा दिवसांपूर्वीं कडू घास आणला तेच आतां गोडाच्या पंगतीला बसतात, आणि वाढपी नीट वाढीत नाहींत म्हणून कुरकुरतात. गाडगे बाबांनीं कर्ज काढून सण-समारंभ करण्यावर जन्मभर कोरडे ओढले. पूर्णेच्या कांठीं ज्या क्षेत्रीं त्यांनीं घाट बांधविला त्याचें नांवच ऋणमोचन आहे. पौषांतल्या रविवारीं तेथें यात्रा भरते. यात्रेहून परतणारा मनुष्य भावाच्या तेरवीसाठीं सावकाराचें दार ठोठावूं लागला तर नदीनें तरी काय करावें? भाऊबंदांतल्या एखाद्या वडीलधाऱ्यानें दुसऱ्याच दिवशीं घरच्यांना बाजूला घेऊन, 'जेवण घरच्या माणसांपुरतें करावें, लोक काय म्हणतील तें माझ्यावर सोडा' असें म्हटलें तर त्याहून मोठें सांत्वन त्या घराचें होऊं शकणार नाहीं. कारण कर्त्या मुलाला स्वतः तसें म्हणतां येत नाहीं. बापाच्या पश्चात् त्यानें कंजूषपणा केला असें होतें.

दुसरी रीत अधिक कठोर आहे. नवरा गेलेल्या बाईचें सांत्वन करावयास म्हणून ज्या बायका जमतात त्याच तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र उतरवितात. ज्या हातांनीं डोळे पुसावयाचे त्याच हातांनीं कपाळ पुसलें जातें. हें करणाऱ्या बायकांत कित्येकींवर तोच प्रसंग येऊन गेलेला असतो. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतल्या शिरोळ तालुक्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें हा प्रकार बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीं तो कित्ता गिरवावा असें सुचविलें. ठराव झाला म्हणजे रूढि मेली असें नव्हे. परंतु त्या क्षणीं जमलेल्यांपैकीं एखाद्या वृद्ध बाईनें पुढें होऊन 'राहूं द्या, कांहीं काढूं नका' असें म्हटलें, तर तिला आधार म्हणून आतां एक कागद आहे. म्हणणारी वृद्ध असावी, आणि शक्य तर सासरचीच असावी. तरुण सुनांनीं म्हणून तें चालत नाहीं.

वऱ्हाडांत राहून सांत्वनाविषयीं बोलावयाचें आणि कापसाच्या शेतकऱ्याच्या घरीं जावयाचें नाहीं, हें होऊं शकत नाहीं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पांच जिल्ह्यांच्या अमरावती विभागांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद २००१ पासून ठेविली जाते, आणि त्या नोंदवहींत दर वर्षीं शेंकड्यांनीं भर पडत आली आहे. २००६ च्या जून अखेरीस तेव्हांचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग स्वतः विदर्भांत आले, शोकग्रस्त कुटुंबांना भेटले, आणि या पांच जिल्ह्यांसह वर्धा जिल्ह्यासाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना १ जुलै रोजीं जाहीर झाली. देशाच्या पंतप्रधानानें समाचारास यावें इतकें हें दुःख मोठें होतें.

परंतु अशा घरीं येणाऱ्यांची रांग पाहिली म्हणजे मन खिन्न होतें. प्रथम पोलिस येतात, पंचनामा होतो. मग तलाठी येतो. मग वर्तमानपत्राचा मनुष्य, मग एक पुढारी, मग दुसरा पुढारी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: 'कर्ज किती होतें?' शासनाची मदत एक लक्ष रुपयांची ठरलेली. २००६ च्या निर्णयाप्रमाणें त्यांतील तीस हजार हातीं द्यावयाचे आणि सत्तर हजार ठेवींत गुंतवावयाचे. ती मिळण्यासाठीं मयताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नांवावर शेती असली पाहिजे, कर्ज बँकेचें, सहकारी संस्थेचें किंवा परवानाधारक सावकाराचें असलें पाहिजे, आणि तें फेडतां न आल्यामुळें व वसुलीच्या तगाद्यामुळें हा मृत्यु ओढवला असें दिसून आलें पाहिजे. त्यानंतर जिल्ह्याची समिति प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरविते. सरकारी पैसा द्यावयाचा तर चौकशी हवी, हें कोणीहि नाकारणार नाहीं. पण 'अपात्र' हा शब्द ज्या उंबऱ्याशीं जाऊन पोहोंचतो तेथें त्याचा अर्थ निराळाच होतो. नवऱ्यानें परवाना नसलेल्या माणसाकडून, सोयऱ्याकडून, कृषिकेंद्राच्या दुकानदाराकडून उधार घेतलें असेल तर तें कर्ज कागदावर कर्ज नव्हे. आणि मग तिला वाटूं लागतें कीं, आपल्या धन्याचें मरणहि खऱ्या मरणांत मोजलें गेलें नाहीं.

अशा घरीं शेजाऱ्यानें, नातेवाइकानें किंवा शहरांतून गेलेल्या सुशिक्षित पाहुण्यानें काय करावें? त्यानें कर्जाचा प्रश्न विचारूंच नये. तें काम ज्यांचें आहे ते विचारतीलच. मृत्यु कसा झाला याचें तपशीलवार वर्णन तर मुळींच मागूं नये. दारांत मुलें उभीं असतात. त्यानें त्या बाईशेजारीं बसावें, आणि दोन-चार दिवसांनीं ती कागदाकडे पाहूं शकेल तेव्हां तिच्याबरोबर उठावें. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणें एकवीस दिवसांत व्हावी लागते. ती झाली म्हणजे दाखल्यासाठीं पुढें हेलपाटे पडत नाहींत. पुष्कळ घरांत सातबाऱ्यावर बाईचें नांव नसतें. तलाठ्याकडे वारसाची नोंद करून फेरफार होईपर्यंत ना पीककर्ज मिळत, ना शेताविषयीं कांहीं ठरवितां येत. दीर, चुलत दीर यांच्याशीं वाटणीचा वाद असला तर ही नोंद महिनोन्महिने अडते. सातबारा, बँकेच्या खात्याचा उतारा, आधारपत्र यांच्या प्रति काढून एका पिशवींत घालून देणारा एक चुलत भाऊ मिळाला तर त्या बाईचे कितीतरी दिवस वाचतात. सांत्वनाच्या कोणत्याहि ग्रंथांत पिशवीचा उल्लेख आढळणार नाहीं. तरीहि ती पिशवी सांत्वनच होय.

येथें पुरुषांविषयींहि एक शब्द सांगणें अवश्य आहे. ज्या घरीं बाप किंवा भाऊ असा गेला त्या घरच्या तरुण मुलाला सर्वजण सांगतात, 'आतां तूंच घरचा कर्ता, तुला रडून चालणार नाहीं.' सोळा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर एका वाक्यानें सबंध घर ठेविलें जातें, आणि त्याचा रडण्याचा हक्क काढून घेतला जातो. त्यानें शेत पाहावें. तें पाहिलेंच पाहिजे. पण दोन दिवस त्याला रडूं द्यावें.

दूरच्यांनीं काय करावें याचें उत्तर काळाप्रमाणें बदलत गेलें आहे. पूर्वीं मृत्यूच्या वार्तेचें कार्ड येई तें एक कोपरा फाडलेलें. वर 'श्री' नसे. वाचणारा तें वाचून फाडून टाकी, स्नान करी, आणि मग निघे. अचलपूरकडचा मनुष्य 'शकुंतला' गाडीनें मूर्तिजापूरला यावयाचा. शहात्तर किलोमीटर आणि चार तास. आतां ती गाडी बंद आहे. त्या चार तासांत प्रवाशाला गेलेल्याची सबंध आठवण काढण्यास अवकाश मिळे, आणि तो दारांत उभा राही तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर बोलावयाचें सर्व लिहिलेलें असे. आज वार्ता क्षणांत भ्रमणध्वनीवर येते आणि क्षणांतच शंभर जण 'भावपूर्ण श्रद्धांजलि' असें लिहून हात जोडल्याचें चिन्ह पाठवितात. त्यांत अनादर नाहीं. पण त्यांतलें शंभरावें कोणाचें होतें तें घरच्यांना कधींच कळत नाहीं. चार ओळींचें पत्र अजूनहि पुरतें, मात्र त्यांत गेलेल्याविषयीं एक तरी अशी गोष्ट असावी जी फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक आहे: त्यांनीं एकदां परीक्षेची फी भरली होती, किंवा ते हरभऱ्याच्या शेतांत कसें गाणें म्हणत. असें पत्र कोणी फाडून टाकीत नाहीं.

२०२१ च्या फेब्रुवारींत अमरावती आणि अकोल्याकडे करोनाची लाट पुन्हां उसळली, रस्ते ओस पडले, आणि अंत्यविधीला वीसपेक्षां अधिक माणसें नकोत असा नियम आला. त्या काळांत कित्येक घरांना ना खांदा मिळाला, ना भेट. अशीं घरें वऱ्हाडांत पुष्कळ आहेत, आणि त्यांचा समाचार घ्यावयाचा राहून गेला आहे. एवढ्या वर्षांनीं जाऊन जुनी जखम कशाला उघडावी, असें लोक म्हणतात. ती कधीं बंद झाली होती?

शाळेंत हा प्रश्न निराळ्या रूपानें येतो. बाप गेलेला मुलगा पंधरा दिवसांनीं वर्गांत येतो, त्याचें डोकें भादरलेलें असतें, आणि कांहीं न सांगतां सबंध वर्गाला सर्व कळतें. त्याला उभें करून, सर्व मुलांसमोर त्याच्याविषयीं कळवळ्याचे चार शब्द बोलणारे शिक्षक असतात. त्यांचा हेतु शुद्ध असतो आणि त्या मुलाला जमीन दुभंगून आंत जावेंसें वाटतें. त्याला त्याच्या नेहमींच्या जागीं बसूं द्यावें. बुडालेल्या धड्यांच्या वह्या शेजारच्या मुलानें उतरवून ठेविलेल्या असाव्यात. मधल्या सुटींत तो आपण होऊन गुरुजींच्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला, तर गुरुजींनीं हातांतलें काम बाजूला ठेवावें. आणि घरच्यांनींहि त्याला 'बाबा देवाघरीं गेले, येतील' असें सांगूं नये. मूल वाट पाहत राहतें.

बोलण्यावांचून श्रद्धांजलि कशी वाहतां येते हें पाहावयाचें असेल तर आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीस जावें. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यावर हें ठिकाण आहे. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं तेथें निवर्तले. त्यांच्या पुण्यतिथीला दुपारीं चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनीं, त्यांच्या देहावसानाच्या त्या घटकेला, लक्षावधि माणसें एकदम स्तब्ध उभीं राहतात. ज्यांनीं सारें आयुष्य खंजिरी वाजवीत गावोगांव भजनें म्हटलीं त्यांच्यासाठीं तो सबंध जनसमुदाय कांहीं क्षण एक शब्दहि बोलत नाहीं. शेजारीं उभा असलेला अनोळखी मनुष्यहि त्या वेळीं परका वाटत नाहीं. घरच्या बैठकींत इतकें होण्यास लक्षावधि माणसें लागत नाहींत, दोघे पुरतात.

तेरवी झाली कीं सतरंजी गुंडाळली जाते, पाहुणे गाडीला लागतात, आणि खऱ्या अर्थानें एकटेपणा तेव्हां सुरू होतो. वऱ्हाडच्या पंचांगांत यापुढचे दिवस आधींच लिहून ठेविलेले आहेत. समाचारास गेलेल्यानें ते आपल्याजवळ टिपून ठेवावेत. पहिली दिवाळी. मग अक्षय तृतीया, जेव्हां पितरांच्या नांवानें पाण्याची घागर भरतात आणि गेलेल्याचें नांव प्रथमच त्या पंक्तींत उच्चारलें जातें. आणि शेतकऱ्याच्या घरीं श्रावणी अमावास्येचा पोळा. त्या दिवशीं गांवांतले सर्व बैल शिंगें रंगवून, झुली घालून तोरणाखालीं उभे राहतात, आणि ज्याचा धनी गेला आहे त्या गोठ्यांतली जोडी दावणीलाच असते. सकाळीं सात-आठच्या सुमारास शेजाऱ्यानें जावें. बैल नदीवर धुवून आणावेत, त्यांच्या खांद्यांना तूप-हळद लावावी, आणि त्या घरच्या मुलाच्या हातीं कासरा देऊन त्याच्या बरोबरीनें तोरणापर्यंत चालावें. परत आल्यावर बाई बैलांना पुरणपोळीचा घास द्यावयास दारांत येईल. तिनें नवऱ्याची आठवण काढली तर ती ऐकावी, आणि घाईनें निघूं नये.